हिवासोबत आलेली पाखरं

नंदुरबार
शनिवार, ९ जानेवारी १९४३

ती. नाना,

तुमची पाखरं आली आहेत.

नमस्कार आणि खुशाली मागाहून लिहिते. माझं अक्षर पाहून तुम्ही पत्र बाजूला ठेवायच्या आत एवढं तरी वाचावं, म्हणून आधी हेच लिहिलं.

काल बाजाराला हिरीबाई आली होती. तुमच्या हाताखाली नवापूरच्या जंगलात नाकेदार असलेल्या दलपतची बायको. खांडबाऱ्यापासून आत डोंगराकडे त्यांचं घर आहे. दुकानाच्या पायरीवर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "तुन्हा बापना पाखरं उनात, ताई." तिच्या घरामागच्या आंब्यावर बांडगूळ माजलंय, त्याची फळं खायला थवा उतरलाय. डोक्यावर मागं वळलेला तुरा, गळा काळा, शेपटीचं टोक हळदीत बुडवल्यासारखं. मी मुद्दाम तिला काही सुचवलं नाही. तिनं आपणच टेबलावरच्या पार्सलाकडे बोट केलं. त्यावर लाखेचं लाल सील होतं. पंखावर असे थेंब आहेत म्हणाली.

एका रात्रीत हरभरा करपला ते हिवाचं साल मला आठवतं. मी लहान होते. तुम्ही जंगलातून आलात ते बूटही न काढता चित्र काढायला बसलात. ते मुंबईला पाखरांच्या विद्वान मंडळींकडे धाडलंत, तर त्यांचं उत्तर आलं, की रेंजरसाहेबांनी बुलबुल पाहिला असावा. त्यानंतर घरात पाखराचं नाव निघालं नाही. हिमालयाच्याही पलीकडचं पाखरू, तिकडं फळ पिकलं नाही तर भुकेपोटी कुठवर येईल याला नेम नाही, हे तुम्ही मला एकटीला समजावलं होतंत. यंदाही हिव तसंच पडलंय.

मी फोटो काढणार आहे. लढाईमुळं फोटोच्या काचा मिळत नाहीत, डब्यात थोड्या उरल्यात त्या याच्यासाठीच. खांडबाऱ्याला एका ख्रिस्ती कुटुंबात लग्न आहे, त्याचं बोलावणं आहेच. सोमवारच्या गाडीनं जाईन, लग्न उरकून हिरीबाईकडे राहीन. गाव सोडताना फौजदारांना कळवावं लागतं, तेही केलं. घरात मी एकटीच असते. का, ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल.

ती किती जवळ येऊ देतात? पाण्यावर कधी उतरतात? तुमच्या सोनगडहून खांडबारा किती स्टेशनं लांब आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या लग्नापासून आठ वर्षं तुम्ही तेवढेही आला नाहीत, आताही या असं म्हणत नाही. एक ओळ लिहा.

तापी


डोंगरातून
गुरुवार, १४ जानेवारी

नाना,

हे पत्र दलपत तुमच्या हातात देईल. त्याच्याबरोबर झोळीत एक माणूस आहे. त्याला आधी आत घ्या, मग पुढं वाचा. घ्यायचा नसेल तर इथंच थांबा आणि कागद चुलीत घाला. म्हणजे कुणी विचारलं तर मला काही माहीत नव्हतं असं तुम्हाला खरं सांगता येईल.

वाचताय म्हणजे घेतलंत असं धरते.

त्यांचं नाव वीरसिंग. नंदुरबारला शाळेत मास्तर होते. आमच्याकडे त्यांचं रोजचं येणंजाणं, यांचे जिवलग. सप्टेंबरात गावात धरपकड झाली तेव्हा हे मिरवणुकीचे फोटो काढले म्हणून आत गेले आणि मास्तर निसटले. तारा तोडल्याचा आळ त्यांच्यावर आहे. दिवाळीत फौजदार दुकानात आले होते. खुर्चीवर बसून, फोटो काढायला आल्यासारखे केस सारखे करत मला म्हणाले, "वीरसिंग कुठं आहे तेवढं सांगा. लोटनराव होळीला घरी असतील." मास्तर कुठं आहेत हे मला खरंच माहीत नव्हतं, म्हणून तेव्हा नाही म्हणणं सोपं गेलं.

सोमवारी संध्याकाळी कळलं. हिरीबाईच्या माळ्यावर कुणीतरी कण्हत होतं. मी वर पाहिलं, ती म्हणाली म्हैस आजारी आहे. माळ्यावर म्हैस कशी असेल, नाना. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मी शिडी चढले. हिवतापानं मास्तरांचा नुसता सापळा झाला होता. बाजारात आलीस तेव्हाच मला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. हिरीबाई म्हणाली, पाखरांचं सांगण्यासारखं होतं ते सांगितलं.

पाखरांचं लिहिते. ती खरोखर तीच आहेत. पहाटे आंबा नुसता किणकिणतो. बारीक घुंगरं कुणी मुठीत धरून हलवावीत तसा आवाज. पहिले दोन दिवस मी मचाण बांधून बसले आणि दोन्ही काचा वाया घालवल्या. ती शेंड्याला, त्यांच्यामागं उघडं आभाळ, नुसते काळे ठिपके आले असणार. बांडगुळाची फळं झपाट्यानं संपत होती. फळ संपलं की थवा एका क्षणात जाईल हे दिसत होतं, आणि माझी बोटं थंडीनं शटरवर वळत नव्हती.

मग ध्यानात आलं, इतकं चिकट गोड खाल्ल्यावर ती पाणी पिणारच. घराखाली नाला आहे, एक डबकं उरलंय. काल दुपारी मी डबक्याच्या कडेला तुरकाठ्यांचा आडोसा केला, कॅमेरा एका दगडावर नेम धरून ठेवला.

आज सकाळी पाण्याच्या कडेला पांढरं हिव धरलेलं होतं. ऊन नाल्यात उतरलं आणि अख्खी फांदी तुटून पडावी तसा थवा खाली आला. माझ्यापासून दोन हातांवर. डोळ्यांवरची काळी पट्टी, पंखावरचे लाल थेंब, सगळं दिसत होतं. मी श्वास धरला. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून मास्तर उतरले. तापाची तहान, त्यांना ना मी दिसले ना आडोसा. आता उडाली, असं मनात आलं. उडाली नाहीत. मास्तर गुडघ्यांवर बसले, एक हात दगडावर टेकला आणि वाकून पाणी पिऊ लागले. पाखरं त्यांच्या हाताला लागून पीत राहिली. एक मनगटाजवळच्या दगडावर येऊन बसलं. माणूस म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नसावं.

मी दाबलं, नाना. चेहरा दिसतोय हे कळत असताना दाबलं.

आवाजानं त्यांनी वर पाहिलं. मला ओळखलं. पाखरं तरीही तिथंच होती. ते हळूच म्हणाले, "वहिनी, ती काच फोडून टाका." मी काचेची चौकट मिटून घेतली.

तेवढ्यात हिरीबाई धावत आली. फौजदार शिपाई घेऊन खांडबाऱ्याला उतरलेत आणि हिरीबाईचं घर विचारताहेत. हिरीबाईचं नाव मी एकाच ठिकाणी लिहिलं होतं. तुमच्या पत्रात. माझी पत्रं फोडून वाचतात, हे मला सुचायला हवं होतं.

दलपत झोळी बांधतोय. आजारी माणूस दवाखान्यात नेतात तसं वाडीतल्या बाईमाणसांसकट उघड्या रस्त्यानं जायचं म्हणतो. हद्द ओलांडली की बडोद्याचं राज्य, इकडचे शिपाई लगेच यायचे नाहीत. तिकडं त्याला ओळखीचं एकच दार माहीत आहे. मी म्हटलं, नाना सरकारची पेन्शन खातात, माझं तोंड पाहत नाहीत, ते दार उघडणार नाहीत. तो म्हणाला, "सायेबले मी वळखस." एवढंच म्हणून गाठ आवळली.

मी तुम्हाला त्याच्याइतकी ओळखते की नाही, माहीत नाही.

तापी


नंदुरबार
बुधवार, २० जानेवारी

नाना,

हे भुरीबाईच्या हाती देते. ती गाडीत बांगड्या विकते, सोनगडापर्यंत जाते. तिच्याकडे उत्तर दिलंत तरी चालेल.

झोळी गेली आणि घटकाभरात ते आले. मी अंगणात कॅमेरा पेटीत भरत होते. फौजदारांनी फार सभ्यपणे विचारलं, लग्नाचे फोटो झाले का. झाले म्हटलं. मग इथं काय? इथं पाखरांचे. त्यांनी काचांच्या चौकटी मागितल्या आणि एकेक उघडून उन्हात धरली. उघडली की काच मेली, हे त्यांना माहीत नसेल असं नाही. लग्नाची गेली, मचाणावरच्या गेल्या, कोऱ्या होत्या त्याही गेल्या. मी त्यांना उघडू दिल्या, कारण जी हवी होती ती त्यांच्या पायाजवळच होती. हिरीबाईनं ती काळ्या कापडात गुंडाळून कोंबड्यांच्या डालग्यात, खाली पेंढ्यात ठेवली होती.

माळ्यावर त्यांना काढ्याचं भांडं आणि पुरुषाचं धोतर सापडलं. धोतर दलपतचं, असं हिरीबाई म्हणाली. दलपत कुठं आहे? कामाला गेला. कुठं? काम मिळेल तिथं. ते तिला घेऊन गेले. जाताना तिनं मागं वळून मला सांगितलं, कोंबड्या घेऊन जा, इथं उपाशी मरतील. शिपायासमोर सांगितलं. मी डालगं उचललं आणि तसंच मांडीवर घेऊन गाडीत बसले.

घरी आल्यावर अंधाऱ्या खोलीचं दार लावून काच धुतली. तसं काही आजवर माझ्या हातून झालेलं नाही आणि होणारही नाही. तुरा, गळा, पंखावरचे थेंब, शेपटीची किनार, तुम्ही जे जे त्या चित्रात काढलं होतं ते सगळं. आणि त्या सगळ्याच्या मधोमध मास्तरांचा चेहरा, ओठांवर पाणी, कुणीही चटकन ओळखावा इतका स्पष्ट.

चेहरे झाकणं हा माझा धंदा आहे, नाना. देवीचे व्रण मी पेन्सिलीनं रोज भरते. मास्तरांना घासून तिथं झुडूप करता आलं असतं. पण मुंबईचे लोक काच मागतील आणि खाडाखोड दिसली की म्हणतील, मागं बुलबुल होता, आता बनावट. एकदा माझ्या मनात आलं की ही काच जशीच्या तशी फौजदारांच्या टेबलावर ठेवली तर हे परत येतील. ते मनात आलं होतं हे तुम्हाला सांगून ठेवते. मी ती काच हातात घेऊन बराच वेळ बसले होते. मग हिरीबाई आता कुठल्या फरशीवर बसली असेल ते डोळ्यांपुढं आलं.

फ्रेमच्या काचा कापायची हिरकणी काढली. पट्टी धरून रेघ ओढली, मनगट आणि खांदा यांच्या मधून. वाकडी चिरली असती तर पाखरंही गेली असती. टेबलाच्या काठावर ठेवून दाबलं आणि ती सरळ तुटली. एका तुकड्यावर पाखरं आणि एक हात. दुसऱ्यावर मास्तर. तो तुकडा मी धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात टाकला. साय निघावी तसा त्यांचा चेहरा सुटून वर आला. पाणी मोरीत ओतलं. कोरी काच पुसून बाकीच्या कोऱ्या तुकड्यांत ठेवली.

काल भर दुपारी फौजदार आले. दुकान आतून बंद केलं. शिपायांनी कपाटं उपसली. पाखरांची काच त्यांनी स्वतः शोधली, खिडकीशी धरली आणि खूप वेळ पाहिली.

"हा हात कोणाचा?"

मी म्हटलं, पेटी उचलायला एक माणूस घेतला होता, तो पाणी पीत होता.

"नाव?"

मजुराचं नाव कोण विचारतं, म्हटलं. त्यांनी काचेच्या कडेवरून बोट फिरवलं. कड ताजी होती, बोट कापलं. रक्त आलं, ते त्यांनी रुमालाला पुसलं आणि विचारलं की का कापली. मी म्हटलं, कडेनं उजेड शिरून काळी पडली होती. ते टेबलाकडे वळले. कोऱ्या तुकड्यांची चळत घेतली आणि एकेक तुकडा खिडकीकडे धरू लागले. त्या तुकड्याची पाळी आली. मी खिडकीपाशी उभी होते. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला आणि त्यातून त्यांना मीच दिसले. आम्ही दोघं त्या काचेतून एकमेकांकडे पाहत राहिलो. मग त्यांनी तो खाली ठेवला.

"लोटनरावांची प्रकृती तिकडं बरी नसते," ते म्हणाले. "तुम्ही विचार करा."

मी म्हटलं, केला.

जाताना कॅमेरा नेला, तिपाईसकट. पाखरांची काच तिथंच टाकून गेले. तिचा त्यांना काय उपयोग.

आता माझ्याकडे धंदा नाही, हिरीबाई चौकीत आहे आणि झोळी तुमच्या दाराशी पोचली की वाटेतच कुठं थांबली हे मला ठाऊक नाही. भुरीबाईच्या हातात काहीही द्या. कोरा कागद दिलात तरी मी समजेन.

तापी


नंदुरबार
सोमवार, ८ फेब्रुवारी

नाना,

भुरीबाई रिकाम्या हातानं आली. तुमच्या दाराला आतून कडी होती आणि हाक मारूनही कुणी ओ दिली नाही, म्हणून पत्र फटीतून आत सारलं म्हणाली. हेही तिच्याच हाती देते.

हिरीबाईला सोडलं. मी खांडबाऱ्याला गाडीवर घ्यायला गेले. तिला पाय टेकवत नव्हते. तळव्यांना काय झालं ते तिनं सांगितलं नाही, मी पाहिलं. स्टेशनाबाहेर बैलगाडीत चढवताना मी म्हटलं, माझ्या पत्रामुळं झालं. ती म्हणाली, "तू कागदवर लिखं. मारं त्यासनी." आणि कोंबड्या कशा आहेत ते विचारलं.

आंब्यावर एकही फळ नाही. पाखरं कधी गेली ते कुणी पाहिलं नाही.

दलपत अजून परतला नाही. तिकडं कुणाला पकडल्याचं ऐकिवात नाही, पण ऐकिवात येण्याजोगं इथवर पोचतं कुठं. रात्री झोप लागत नाही. तुम्ही कडी काढली नाहीत असं एकदा वाटतं, आणि मग वाटतं की आत कुणीतरी असेल म्हणूनच कडी होती. यातलं कुठलं खरं मानू?

तापी


नंदुरबार
गुरुवार, २५ मार्च

ती. नाना,

हेही भुरीबाईच्याच हाती देते. टपालात कुणी फोडलं तर यात सगळ्यांचीच नावं आहेत.

त्या दिवशी दारात तुम्ही उभे होतात आणि मी तुम्हाला ओळखलं नाही. गिऱ्हाईक समजून म्हटलं, कॅमेरा नाही, फोटो निघत नाहीत. तुम्ही म्हणालात, "काढलेला दाखव." आवाजावरून कळलं. आठ वर्षांत तुम्ही इतके वाळलात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही भिंग घेऊन बसलात. फोटोवर नाक टेकवून पाहत होतात. मी चहा केला, तो निवला. तुम्ही पुटपुटत होतात. तुरा, हो. पिवळं, हो. लाल, हो. मग भिंग हातावर आलं आणि थांबलं. मी काही सांगण्याच्या आत तुम्ही म्हणालात, "ही करंगळी वाकडी आहे. महिनाभर याच हातात मी पेजेची वाटी देत होतो."

तेव्हा मला रडू आलं. तुम्ही पाहिलं नाही असं केलंत, ते बरं केलंत. मग सगळं सांगितलंत. शेजाऱ्यांना भाचा म्हणून सांगितलं, कुणी येऊ नये म्हणून आतून कडी लावून बसलात, भुरीबाईची हाक ऐकूनही गप्प राहिलात कारण ओसरीवर अनोळखी माणूस बसला होता. ताप उतरल्यावर पाहुणा एका सकाळी पाया पडून निघाला. दलपत त्याला पुढं सोडून डोंगरानं घरी गेला. तो पोचल्याचा हिरीबाईचा निरोप मला आला.

मी म्हटलं, नाना, आता मुंबईला पाठवा. काच आहे, खाडाखोड नाही. तुम्ही फोटो माझ्याकडे सरकवलात. म्हणालात की ते पहिल्यांदा हात कोणाचा हेच विचारतील, मग जागा विचारतील, मग सोबत कोण होतं ते. त्यांना खरं सांगता येणार नाही आणि पाखरांबद्दल मी खोटं लिहिणार नाही. म्हणून राहू दे. मी म्हटलं, पण लोक बुलबुलच म्हणत राहतील. तुम्ही म्हणालात, म्हणू देत.

मग टोपी घालताना, माझ्याकडे न पाहता विचारलंत, "त्यांना कुठं ठेवलंय?" मी नाशिकचा तुरुंग म्हटलं. तुम्ही मान हलवून स्टेशनाकडे गेलात. मला वाटलं सोनगडला परत गेलात.

आज नाशिकहून यांचं कार्ड आलं. लिहिलंय, एक म्हातारे गृहस्थ भेटीला आले होते. फाटकावरच्या कारकुनानं विचारलं, कैद्याशी नातं काय. ते म्हणाले, मुलगा आहे. कारकून म्हणाला, आडनाव वेगळं कसं? तर म्हणाले, तुम्हाला भेट द्यायची आहे की नाही?

मध्ये जाळी होती, म्हणे. तुम्ही थेट पाखरांचं सांगायला लागलात. कुठून येतात, का येतात, तापीनं कशी टिपली. वेळ संपल्याची घंटा झाली तरी शिपायानं दोन मिनिटं जाऊ दिली, कारण तोही ऐकत होता.

कार्डाच्या शेवटी यांनी विचारलंय, पुन्हा आले तर त्यांना काय म्हणून हाक मारू. मी लगेच उत्तर टाकलं. लिहिलं, नाना म्हणा.

तुमची,
तापी